पंचगंगेतली पाचवी नदी

गेल्या अंकात आत्मा आणि अनात्मा यावर थोडंसंच लिहिलं होतं, की उपनिषदं म्हणतात आत न बदलणारा आत्मा आहे, आणि बुद्ध म्हणतात नीट बघा, रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान म्हणजे जाणीव, हे पाच स्कंध म्हणजे गट सापडतील, सहावं काही सापडणार नाही. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की या वेळचा अख्खा कॉलम त्यातच जाणार. पाच प्रश्न निवडलेत. पहिल्याला जागा जास्त दिलीय कारण निम्म्या पत्रांत फिरून फिरून तोच प्रश्न होता.

प्रश्न: सर, मी बी.ए. सेकंड इयरला आहे. तुमचा लेख आजीला वाचून दाखवला तर ती म्हणाली, आत्माच नाही तर मेल्यावर जन्म कुणाचा होतो आणि पाप कुणी फेडायचं? मला उत्तर देता आलं नाही. बुद्ध पुनर्जन्म मानतात ना, मग हे जुळतं कसं? (शिवाजी पेठ, कोल्हापूर)

उत्तर: आजीला माझा नमस्कार सांग. तिनं जो प्रश्न काढलाय तोच बाबासाहेबांनी काढला होता. त्यांच्या निधनानंतर १९५७ ला प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या परिचयातच त्यांनी चार अडचणी मांडल्यात, त्यातली तिसरी हीच, की बुद्धानं आत्मा नाकारला आणि कर्म व पुनर्जन्म मात्र मानला असं सांगतात, तर आत्म्याशिवाय हे दोन्ही कसं? बाबासाहेबांचं उत्तर असं, की पुन्हा येतात ती शरीरातली भूतद्रव्यं, आत्मा नव्हे, आणि मागच्या जन्मीच्या कर्मामुळं या जन्मी कुणी दरिद्री किंवा हलका ठरतो ही गोष्ट त्यांनी ठामपणे फेटाळली. ते का, हे आपल्याकडं वेगळं सांगायला नको.

आता जुन्या ग्रंथांकडं जाऊ. मिलिंदप्रश्न या जुन्या बौद्ध ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद म्हणजे मिनांडर नागसेन भिक्षूला नेमकं हेच विचारतो, जो पुन्हा जन्मतो तो तोच असतो का दुसरा? नागसेन म्हणतो, तोही नाही आणि दुसराही नाही. मग दिव्याचं उदाहरण देतो. रात्रभर दिवा जळतोय, पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का? नाही. मग वेगळी का? तसंही म्हणता येत नाही, कारण त्याच दिव्याच्या आधारानं ती रात्रभर पेटलेली होती. पुढं तो आंबेचोराची गोष्ट सांगतो ती मला फार आवडते. चोर राजासमोर म्हणतो, महाराज, यांनी जमिनीत लावला तो आंबा वेगळा, मी झाडावरनं काढला तो वेगळा, मग मी यांचं काय चोरलं? तरी शिक्षा होतेच, कारण हा आंबा त्या आंब्यापासूनच आलाय. तसंच कर्माचं. फळ भोगणारा करणाऱ्यापासूनच आलेला असतो, मधनं काही न बदलता वाहून यायची गरज नाही.

हे जरा आपल्या नदीवर लावून बघ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती, ती गुप्त. प्रयाग चिखलीच्या संगमावर उभं राहून विचार, पंचगंगा कुठंय? कासारी म्हणजे पंचगंगा? नाही. भोगावती? नाही. परवा घाटावरनं गेलेलं पाणी एव्हाना नरसोबावाडीला कृष्णेत मिसळलं असंल, आणि तरी आपण म्हणतो तीच पंचगंगा. बौद्ध म्हणतील बरोबर म्हणता, तो एक प्रवाह आहे, त्यांच्या भाषेत संतान, त्याला व्यवहारासाठी एक नाव दिलंय. आणि नुसतं नाव आहे म्हणून ते फेकून द्यायचं असं नाही, राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, तेव्हा कुणी असं म्हणत बसत नाही की पंचगंगा नावाची एकसंध वस्तूच जगात नाही तर सामान कशाला हलवायचं. याला ते संवृतिसत्य म्हणतात, व्यवहारातलं सत्य.

आणि आत्मा मानणारे काय म्हणतील? ते म्हणतील पाचवीकडं बघा. डोळ्यांना दिसतात चार, पण नाव पंचगंगा आहे, म्हणजे हिशेब पुरा करायला न दिसणारी एक धरावी लागते. न्यायवाल्यांचा, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या न्याय दर्शनातल्या नैयायिकांचा, आत्मा बराचसा असाच आहे, डोळ्याला कानाला सापडत नाही पण जे सापडतं त्याचा हिशेब त्याच्याशिवाय लागत नाही असं त्यांचं म्हणणं. न्यायसूत्रात साधा मुद्दा आहे, जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच मी हातानं धरलं असं आपण म्हणतो, डोळ्याला स्पर्श कळत नाही आणि हाताला रंग दिसत नाही, मग 'तेच' असं कोण म्हणालं? पाडावर आलेली कैरी दिसली की तोंडाला पाणी सुटतं, बघितलं डोळ्यांनी आणि पाणी सुटलं जिभेला, तर मधे या दोघांचं जुळवणारा कुणीतरी पाहिजे. आठवणीचंही तसंच. उदयनाचार्यांचा दहाव्या शतकातला चार शब्दांचा तुकडा आहे, 'नान्यदृष्टं स्मरत्यन्यः', एकानं पाहिलेलं दुसऱ्याला आठवत नाही. आणि आजीचा मुद्दा तर त्यांच्याकडं नावासकट आहे. केलेलं कर्म फळ न देता वाया गेलं तर तो कृतनाश, आणि न केलेल्याचं फळ गळ्यात पडलं तर तो अकृताभ्यागम. आत्मा नसेल तर हे दोन्ही दोष येतात असं ते म्हणतात.

बौद्ध इथं थांबले नाहीत. वसुबंधू या बौद्ध आचार्यांनी अभिधर्मकोश या आपल्या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात उत्तर दिलंय, की देवदत्ताचं यज्ञदत्ताला आठवत नाही ते आत्मा वेगळा म्हणून नव्हे तर त्या दोन प्रवाहांत कार्यकारण संबंध नाही म्हणून. यावर नैयायिकांनी लगेच पकडलं, गुरूच्या ज्ञानातनं शिष्याचं ज्ञान येतं, तिथं कार्यकारण आहेच की, मग गुरूचं लहानपण शिष्याला का आठवत नाही? मग बौद्धांनी उपादान कारण आणि सहकारी कारण असा फरक केला, माती आणि कुंभार यात असतो तसा, गुरू हा शिष्याच्या ज्ञानाचा कुंभार आहे, माती नाही. हा वाद काही शतकं चाललाय आणि दोन्हीकडचे लोक समोरच्याचं म्हणणं आधी नीट मांडून मगच खोडायचे, पूर्वपक्ष म्हणतात तो हाच.

माझं मत विचारशील तर, शिक्षा आणि फळ याचा हिशेब बौद्धांनी पुरा लावलाय, आंब्याच्या गोष्टीला मला अजून तोड सापडलेली नाही. पण 'एक प्रवाह' यातलं एकपण कुठनं आलं, हा नैयायिकांचा प्रश्न मला अजून टोचतो. आणि गंमत नाही, खरंच लक्षात ठेव, की हा प्रश्न बौद्धांनाही टोचत होता, वात्सीपुत्रीय आणि सम्मितीय नावाचे बौद्धच म्हणायचे की पुद्गल असं काहीतरी आहे, स्कंधांहून वेगळं पण नाही आणि तेच पण नाही, जसं लाकडाच्या आधारानं अग्नी. वसुबंधूंचं ते नववं प्रकरण आधी यांच्याच विरुद्ध लिहिलंय. म्हणजे आजी एकटी नाही.

प्रश्न: जोतिबाची चैत्र यात्रा झाली की दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथोत्सव असतो, यंदा आम्ही मैत्रिणी गेलो होतो. मी संस्कृत शिकवते. मुलींनी विचारलं की कठोपनिषदातही रथ आहे आणि नागसेनाच्या गोष्टीतही रथ आहे, मग दोन्ही रथ एकच का? (एक शिक्षिका, गडहिंग्लज)

उत्तर: ताई, मुलींना शाबासकी द्या. वस्तू एकच, पण प्रश्न वेगळे. कठोपनिषद म्हणतं, आत्मा हा रथी म्हणजे रथात बसलेला, शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, विषय म्हणजे त्यांचे रस्ते. तिथं प्रश्न आहे रथात बसलंय कोण. रथ आहे का नाही याबद्दल तिथं शंकाच नाही. नागसेन विचारतो रथ म्हणजे काय. राजाला म्हणतो, पायी आलात का रथातनं? रथातनं. मग आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? राजा नाही नाही म्हणत जातो आणि शेवटी म्हणतो, हे सगळं जमून आलं की त्याला 'रथ' असं नाव पडतं. नागसेन म्हणतो, महाराज, तसंच 'नागसेन' हेही नाव. म्हणजे कठोपनिषदात देव रथात बसलेला आहे, आणि नागसेनाकडं रथाचाच पत्ता लागत नाही तर बसणार कुठं.

पण मधे तिसरा पक्ष आहे तो मुलींना जरूर सांगा, कारण रथोत्सवात तो डोळ्यांनी दिसतो. न्याय-वैशेषिक म्हणतात, भागांचा ढीग वेगळा आणि भागांतनं तयार झालेला अवयवी वेगळा, अवयवी ही नवीन आणि खरी वस्तू आहे, ती आपल्या भागांत समवाय नावाच्या संबंधानं राहते. पुरावा काय? न्यायसूत्र म्हणतं धारण आणि आकर्षण. एक टोक धरलं की सगळं धरलं जातं, एक टोक ओढलं की सगळं येतं. लोक दोराला हात घालतात आणि चाक, खांब, कळस सगळं एकदम हलतं, नुसता ढीग असता तर दोर हातात आला असता आणि रथ जागेवर राहिला असता. यावर वसुबंधूंसारखे बौद्ध म्हणतात की वस्त्र बघितलं तर धागेच दिसतात, धागे सोडून वस्त्र दाखवा. आणि अर्धं वस्त्र रंगवलं तर तुमचा तो एकसंध अवयवी रंगलेला का बिनरंगाचा? हा प्रश्न वर्गात विचारून बघा, तास पुरणार नाही.

प्रश्न: नमस्कार सर. आमचं गुऱ्हाळ हुतं, आता बंद हाय. तुमच्या लेखात एक ओळ हुती की सांख्य म्हणतात कार्य कारणात आधीच असतंय. म्हंजे गूळ उसात आधीच हाय म्हणायचं. मग गुळव्यानं रातभर काय केलं? (कागल तालुका)

उत्तर: मामा, तुमचा हा प्रश्न न्यायशास्त्रातल्या मोठ्या पंडितांच्या तोंडी शोभतो, आणि त्यांनी तो विचारलाही, फक्त गुळाच्या जागी मडकं होतं.

सांख्य हे सहा दर्शनांतलं एक, त्यांचा सत्कार्यवाद असा. ईश्वरकृष्णानं सांख्यकारिकेत पाच कारणं दिलीत, सगळी सांगत नाही, दोन पुरेत. जे मुळात नाही ते कुणी करू शकत नाही, आणि कुठल्याही गोष्टीतनं कुठलीही गोष्ट निघत नाही. तिळातनं तेल निघतं, वाळूतनं नाही. आपण शाळेत वामन पंडितांचं 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे' पाठ केलंय, सांख्य म्हणेल नाही गळणार बाबा, कितीही रगडा, कारण तिथं तेल नाहीच. तसं ज्वारीच्या धाटाचा गूळ कुणी कोल्हापुरी म्हणून विकत नाही, उसातच तो दडलेला आहे, गुळव्यानं रस काहिलीत घातला, चुलवाणात जाळ धरला, भेंडीचं पाणी टाकून मळी काढली, पाक पारखला, म्हणजे त्यानं आडवं येणारं सगळं बाजूला केलं आणि जे होतं ते उघडं झालं. याला ते अभिव्यक्ती म्हणतात. सगळं जगच त्यांच्या मते असं प्रकृतीतनं, म्हणजे मूळ जडद्रव्यातनं, उघडं होत गेलंय, आणि वेगळा पुरुष म्हणजे चैतन्य धरून पंचवीस तत्त्वं.

नैयायिक तुमच्या बाजूचे. ते म्हणतात, तो 'उघडं होणं' नावाचा प्रकार तरी आधी होता का? होता म्हणाल तर गुळव्याला घरी पाठवा, आणि नव्हता म्हणाल तर नवीन काहीतरी घडलं हे तुम्हीच कबूल केलं. त्यांच्या मते रसात गूळ नव्हता, आणि ते नसणंसुद्धा एक पदार्थ आहे, म्हणजे जगातल्या गोष्टींच्या प्रकारांतला एक प्रकार, त्याला प्रागभाव म्हणतात, ढेप बसली की तो प्रागभाव संपला. नसण्याला पदार्थात धरणारे लोक जगात थोडेच असतील, मला त्यांचा फार आदर वाटतो. अद्वैतवाले तिसरंच सांगतात, की कार्याला कारणाहून वेगळं अस्तित्वच नाही, ढेप, रवा ही नुसती नावं आणि आकार.

आणि शून्यवादाचे बौद्ध आचार्य नागार्जुन? त्यांच्या मूलमध्यमककारिका या ग्रंथाचा पहिलाच श्लोक आहे, वस्तू स्वतःपासून होत नाही, दुसऱ्यापासून होत नाही, दोन्हीपासून नाही, आणि विनाकारणही नाही. स्वतःपासून म्हणाल तर आधीच असलेलं पुन्हा कशाला व्हायचं, आणि संपूर्ण दुसऱ्यापासून म्हणाल तर धाटातनं का नाही. त्यांचं म्हणणं असं की दोन्ही पक्ष ऊस आणि गूळ या स्वतःच्या जोरावर उभ्या असलेल्या दोन पक्क्या वस्तू धरून चाललेत आणि अडचण तिथंच आहे. ऊस, जाळ, काहील, भेंडी, गुळव्याची नजर हे असलं तर गूळ होतो, यातलं एक काढलं तर होत नाही, एवढंच खरं. मला यात नागार्जुनांचं पटतं, पण रात्रभर जागलेल्या माणसाला 'तू नवीन काही केलं नाहीस' असं सांगायचं माझ्याच्यानं होणार नाही, तिथं मी नैयायिकांबरोबर.

प्रश्न: शून्यवाद म्हणजे काहीच नाही असंच ना? (राजारामपुरी)

उत्तर: नाही. नागार्जुन मूलमध्यमककारिकेच्या चोविसाव्या प्रकरणात स्वच्छ सांगतात, जे प्रतीत्यसमुत्पन्न म्हणजे दुसऱ्यावर अवलंबून झालेलं, त्यालाच आम्ही शून्य म्हणतो. शून्य कशानं? स्वभावानं, स्वतःच्या जोरावर असण्यानं. वस्तू नाही असं नव्हे, एकटी नाही. आणि त्याच प्रकरणात इशाराही दिलाय की शून्यता चुकीची धरली तर ती चुकीचा धरलेल्या सापासारखी उलटते. तुम्ही लिहिलंय तसाच तो चुकीचा धरलेला साप.

प्रश्न: कीर्तनात ऐकलं की ज्ञानेश्वरीत गणपतीच्या मोडक्या दाताला बौद्धमत म्हटलंय. म्हणजे बौद्धांचं खंडन तेव्हाच पुरं झालं होतं ना? आणि मग शंकराचार्यांनाच काही लोक प्रच्छन्न बौद्ध का म्हणायचे? (एक वारकरी, करवीर तालुका)

उत्तर: माऊली, ओवी बरोबर आहे, पहिल्या अध्यायात, 'एके हातीं दंतु । जो स्वभावता खंडितु । तो बौद्धमतसंकेतु । वार्तिकांचा'. शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० ची ज्ञानेश्वरी. तिथं सहा दर्शनं म्हणजे गणपतीचे सहा हात, प्रत्येकाच्या हातात वेगळं आयुध, तर्काचा परशू, वेदांताचा मोदक. वार्तिकं म्हणजे वेदांची बाजू मांडणाऱ्या कुमारिल भट्टांसारख्यांचे ग्रंथ असं बहुतेक टीकाकार समजतात. पण एक बघा, मोडलेला असला तरी तो दात गणपतीनं टाकून दिलेला नाही, हातात धरलाय. आणि खंडन एका फेरीत कधीच पुरं झालं नाही, कुमारिलांनी टीका केली, त्यावर आठव्या शतकात बौद्ध शांतरक्षितांनी तत्त्वसंग्रहात प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलं, पुढं उदयनांनी आत्मतत्त्वविवेक लिहिला, त्याचं दुसरं नावच बौद्धधिक्कार. एक बाजू नसती तर दुसरीचे हे ग्रंथ लिहिले गेलेच नसते, म्हणून मी दोन्ही जोडीनं वाचायला सांगतो.

आता प्रच्छन्न बौद्ध. हे नाव शंकराचार्यांना वैदिक परंपरेतल्याच विरोधकांनी दिलं, पद्मपुराणात मायावादाला तसं म्हटलंय. कारण असं, की त्यांच्या परमगुरूंनी म्हणजे गुरूंच्या गुरूंनी, गौडपादांनी, मांडूक्यकारिकेच्या चौथ्या प्रकरणात बौद्धांचीच भाषा वापरलीय, पेटतं कोलीत गरागरा फिरवलं की चक्र दिसतं पण चक्र कुठं नसतं, ते उदाहरण. जग जसं दिसतं तसं शेवटचं सत्य नाही हे दोघंही म्हणतात, आणि व्यवहाराचं सत्य वेगळं, परमार्थाचं वेगळं हेही दोघंही म्हणतात. पण शंकराचार्यांना स्वतःला हे नाव अजिबात पटलं नसतं, ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायावरच्या भाष्यात त्यांनी बौद्धांवर कडक टीका केलीय, आणि त्यातही आठवणीचा मुद्दा आहेच, 'अनुस्मृतेश्च'.

खरा फरक दोरीत आहे. अंधारात दोरीवर साप दिसला, दिवा आणला, साप गेला. शंकराचार्य म्हणतात साप खोटा ठरला तो दोरी खरी आहे म्हणून, काहीच नसतं तर भ्रम तरी कशावर झाला असता? दुसरं खरं हाती लागल्याशिवाय सगळ्या प्रमाणांनी सिद्ध झालेला व्यवहार खोटा म्हणता येत नाही. ती दोरी म्हणजे ब्रह्म. बौद्धांचं एक छोटंसं प्रकरण आहे, हस्तवालप्रकरण, कुणी ते आर्यदेवांचं मानतं कुणी दिङ्नागांचं, ते याच दोरीपासून सुरू होतं आणि म्हणतं, बरोबर, दोरी दिसली की साप गेला, पण आता दोरीचे पीळ आणि धागे बघा, मग दोरीसुद्धा सापासारखीच जाते. आणि धाग्यांनाही तेच लागू. शंकराचार्य विचारतील हे कुठंतरी थांबणार का नाही, आणि समोरचा म्हणेल थांबायलाच पाहिजे असं कुणी सांगितलं. तुमच्या फडात यावर एकदा बोलणं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे, बोलावलंत तर मी येईन.